घाटातली अडलेली लेन किती मिनिटांत मोकळी होते?

निळीशाई (धागा सुरू केला)

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन पहाटे पावणेपाचला चिंचवडहून मुंबई-पुणे एक्सप्रेस वेने निघालो. मुंबईत साडेनऊला केमोची वेळ होती. नवरा गाडी चालवत होता, मी मागे त्यांच्याजवळ बसले होते. हाताशी पुरेसा वेळ ठेवलाय, उशीर होणार नाही, याची खात्री होती. खंडाळ्याच्या पुढे घाट उतरायला लागलो आणि समोर नुसते लाल दिवे. फोनमध्ये पाहिलं तर सहाला दहा मिनिटं कमी होती.

जागच्या जागी इंच इंच सरकत होतो. मागून अॅम्ब्युलन्सचा सायरन वीसेक मिनिटं ऐकू येत राहिला. तो जवळ येईना, लांबही जाईना. सासूबाईंना लघवीला जायचं होतं. शेवटी गाडीचं मागचं दार उघडून, ओढणीचा आडोसा धरून, डिव्हायडरच्या कडेला त्यांना बसवलं. बासष्ट वर्षांची बाई, कधी कोणापुढे पदर ढळू दिला नाही. त्यानंतर मुंबई येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

सात पंचवीसला आम्ही त्या जागी पोहोचलो. काय होतं तिथे? दोन कार. एकीचा बंपर लोंबकळत होता, दुसरीचा मागचा दिवा फुटलेला. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. दोन्ही गाड्या मधल्या लेनमध्ये जशा धडकल्या तशाच उभ्या होत्या आणि चार माणसं बाजूला थांबली होती. खिडकीतून विचारलं तर म्हणाले, "पंचनामा झाल्याशिवाय गाडी हलवायची नसते."

आम्ही पोहोचलो पावणेअकराला. त्या दिवशीचा केमो दुसऱ्या दिवसावर गेला.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. नवा रस्ता किती कोटींचा, किती किलोमीटरचा, हे आपल्याला सगळं माहीत असतं. पण या रस्त्यावर एखादी लेन अडली तर ती मोकळी व्हायला सरासरी किती मिनिटं लागतात, हा आकडा मी कुठेही वाचलेला नाही. तो कोणी मोजतं का? मोजायला हवा ना? या विषयातली माणसं इथे आहेत, म्हणून विचारतेय.

---

राजमाची_पॉइंट

ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आता त्या बऱ्या असतील अशी आशा करतो.

मुद्द्याचं बोलायचं तर दुखणं रस्त्याच्या रचनेतच आहे. एक्सप्रेस वे ९४.५ किमीचा, सहा लेनचा. २००२ साली तो पूर्ण झाला. पण आडोशी बोगद्यापासून खंडाळा एक्झिटपर्यंत जुना मुंबई-पुणे महामार्गही याच रस्त्यात येऊन मिसळतो. म्हणजे एक्सप्रेस वेच्या सहा आणि जुन्या रस्त्याच्या चार, अशा दहा लेनची वाहतूक तेवढ्या पट्ट्यात सहा लेनवर चालते, आणि तीही नेमकी चढ-उताराला. चढाला भरलेले ट्रेलर पंधरा-वीसच्या वेगाने जातात. एक ट्रेलर दुसऱ्याला ओव्हरटेक करायला गेला की दोन लेन गेल्या.

यावर उपाय म्हणूनच मिसिंग लिंक हा पर्यायी रस्ता हाती घेतला. खोपोली एक्झिट ते कुसगाव, १३.३ किमी, दोन बोगदे आणि दरीवरचा केबल स्टेड पूल. त्यातला मोठा बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरचा आहे. अंतर सहा किमीने कमी होतं आणि मुख्य म्हणजे घाटाचा हा गळा टळतो. माझ्या मते खरा उपाय हाच. बाकी सगळी मलमपट्टी.

---

गणिती

राजमाची, गळा टळला तर फायदाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण निळीशाईंचा प्रश्न वेगळा आहे. त्या पहाटे साडेपाचला निघाल्या असत्या किंवा चारला, कोंडी रोजच्या गर्दीने झालेलीच नव्हती. ती दोन गाड्या उभ्या राहिल्यामुळे झाली. वाहतुकीच्या शास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक रोजची, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी होणारी कोंडी. दुसरी अवचित होणारी: अपघात, बंद पडलेलं वाहन, दरड, रस्त्याचं काम, पाऊस. अमेरिकेच्या महामार्ग खात्याची ढोबळ वाटणी अशी आहे की एकूण कोंडीतला सुमारे ४० टक्के वाटा अरुंद जागांचा असतो आणि सुमारे २५ टक्के अपघात-बिघाडांचा. हवामान आणि रस्त्याची कामं धरली तर अवचित कोंडी निम्म्यापर्यंत जाते. आपल्या घाटासाठी हे आकडे तसेच लागू होतील असं मी म्हणत नाही. पण नुसता रस्ता वाढवून हा दुसरा हिस्सा आपोआप जात नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना खोटी वाटते. एका दिशेच्या तीन लेनपैकी एक अडली तर क्षमता किती कमी होते? एक तृतीयांश? नाही. जवळजवळ निम्मी. वाहतूक अभियंत्यांच्या प्रमाण तक्त्यात शिल्लक क्षमता ४९ टक्के दिली आहे. दोन लेन अडल्या तर उरते १७ टक्के. आणि अपघात लेनमध्ये नसून नुसता कडेच्या शोल्डरवर झालेला असला तरी ८३ टक्केच उरते, कारण जाणारा प्रत्येक जण वेग कमी करून बघतो.

हिशेब मांडून दाखवतो. समजायला सोपे म्हणून गोल आकडे धरतो, हे घाटातल्या मोजणीचे नाहीत. समजा तीन लेनमधून तासाला ४५०० गाड्या जाऊ शकतात आणि प्रत्यक्षात ४००० येतायत. एक लेन अडली, की जाऊ शकणाऱ्या उरल्या साधारण २२००. म्हणजे दर तासाला १८०० गाड्या मागे साठत जाणार. अर्ध्या तासाने लेन मोकळी झाली, तर ९०० गाड्यांची रांग उभी आहे. तीन लेनमध्ये वाटली तर प्रत्येकीत ३००, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोमीटर. आता रस्ता पूर्ण मोकळा आहे, पण मागून तासाला ४००० येतच आहेत. रांग उपसायला हाताशी आहेत फक्त ५०० जास्तीच्या जागा. ९०० भागिले ५००: एक तास ४८ मिनिटं.

अर्ध्या तासाचा अडथळा, त्यानंतर पावणेदोन तासांची कोंडी. दर मिनिटामागे साडेतीन ते चार मिनिटं. अडथळा वीस मिनिटांत काढला असता तर त्यानंतरची कोंडी असती सव्वा तासाच्या आत. पंचेचाळीस मिनिटं लागली असती तर पावणेतीन तासांच्या जवळ.

म्हणून निळीशाई म्हणतात ते बरोबर आहे. मोजायचंच असेल तर ही मिनिटं मोजायला हवीत.

---

निळीशाई

गणिती, मी हे दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही दोन्ही गाड्या पाहून म्हणत होतो, "एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा वेळ?" आता कळलं की गोष्ट एवढीशी असली तरी ती तिथे किती वेळ उभी राहिली यावर सगळं होतं.

---

सातारी_ट्रेलर

मी ट्रान्सपोर्टवाला. अकरा गाड्या आहेत, त्यातल्या सहा रोज या घाटातून जातात. प्रत्येक चर्चेत ट्रकवाल्याला दोष मिळतो म्हणून लिहितोय. चूक असेल तिथे मान्य करतो.

चूक पहिली. मुंबईकडे उतरताना काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि मग ब्रेक लागतच नाही. माझ्याकडे हे करणाऱ्याला मी गाडीवर ठेवत नाही. पण सगळे मालक तसं करत नाहीत, हेही खरं.

चूक दुसरी, लेन सोडून चालवणं. कॅमेरे बसल्यापासून यात फरक पडलाय. २०२४ पासून ई-चलन यायला लागली, आणि खिशाला चाट बसल्यावर माणूस ऐकतो.

आता आमची बाजू. जोडून सुट्ट्या आल्या की अवजड वाहनांना ठरावीक तास बंदी येते. ठीक आहे, येऊ दे. पण ती कळते कधी? गाडी कळंबोलीच्या पुढे गेल्यावर. मग ड्रायव्हर गाडी लावणार कुठे? कडेला, शोल्डरवर. आणि शोल्डरवर उभ्या ट्रकला मागून कार घुसली की माणसं मरतात. या रस्त्यावरच्या मोठ्या अपघातांत उभ्या वाहनाला मागून धडक बसणं हे नेहमीचं कारण आहे. थांबवायचंच असेल तर थांबायला जागा द्या. शौचालय, पाणी, दिवे असलेला तळ द्या, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत आम्हाला कळवा. माल भरायच्या आधी कळलं तर मी गाडी काढणारच नाही.

घाट चढताना क्लच प्लेट जळली की भरलेला ट्रेलर जागेवर बसतो. त्याला साधी क्रेन हलवू शकत नाही, ओढून नेणारा पुलर लागतो. पुलर जवळ उभा असेल तर अर्ध्या तासात काम होतं. लांबून मागवावा लागला तर रात्र जाते.

---

खोपोलीकर

खोपोलीत राहतो. अपघात झाला की मदतीला धावणारे आम्ही काही जण आहोत. नोकरी-धंदा सांभाळून करतो. बरीच वर्षं झाली. प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण चर्चेत ते येत नाही.

पहिला फोन येतो. माणूस घाबरलेला असतो. म्हणतो, "बोगद्याच्या पुढे." कुठल्या बोगद्याच्या? या रस्त्यावर भाताण आहे, माडप आहे, आडोशी आहे, खंडाळा आहे, कामशेत आहे. पुणे लेन की मुंबई लेन, तेही सांगत नाही. मग दहा मिनिटं शोधण्यात जातात. म्हणून हात जोडून सांगतो: रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे आकडे लिहिलेले असतात. जाताना ते वाचत चला. फोनवर एवढंच बोला: "मुंबई लेन, किलोमीटर अमुक, माणूस अडकलाय" किंवा "कुणी जखमी नाही." या तीन गोष्टींवरून कटर न्यायचा की नाही, अॅम्ब्युलन्स किती, क्रेन कुठली, सगळं ठरतं.

दुसरं, पोहोचणं. अपघात झाला की मागची लेन गच्च. आम्ही समोरच्या बाजूने जातो किंवा हायवे पोलीस उलट्या दिशेने वाट काढून देतात. देवदूत या बचाव पथकाच्या गाड्या याच रस्त्यावर असतात म्हणून त्या लवकर पोहोचतात. पण गर्दीत त्यांनाही तीच अडचण.

तिसरं, लेन मोकळी करणं. लोकांना वाटतं क्रेन आली, गाडी उचलली, संपलं. तसं नाही. ऑईल सांडलेलं असतं, त्यावर माती टाकावी लागते, नाही तर पुढची गाडी तिथेच घसरते. काचा झाडाव्या लागतात. आमच्या गाडीत दोन खराटे कायम असतात. भरलेला कंटेनर आडवा असेल तर एका हायड्रा क्रेनने उठत नाही, दोन लागतात, कधी आधी माल उतरवावा लागतो. गॅसचा किंवा केमिकलचा टँकर असेल तर त्याला हातच लावता येत नाही. गळती बघणारे तज्ज्ञ लागतात, दुसरा रिकामा टँकर आणून माल त्यात घ्यावा लागतो, मग रिकामा झालेला उचलायचा. असा टँकर पेटला तर काय होतं ते १३ जून २०२३ रोजी कुणे पुलावर पेटलेल्या मिथेनॉलच्या टँकरने सगळ्यांना दाखवलं. चार जणांचे जीव गेले. आग पुलाखालच्या रस्त्यापर्यंत गेली होती.

चौथं, आणि याला कोणी काम समजत नाही: रांगेची शेपटी. आमच्यातला एक जण पहिल्यांदा मागे पळतो, तीनशे-चारशे मीटर, हातात टॉर्च नाही तर लाल कापड. रांग वाढली की तोही मागे सरकतो. शंभरच्या वेगाने येणाऱ्याला वळणापलीकडे थांबलेल्या गाड्या दिसत नाहीत. दुसरा अपघात तिथे होतो, आणि कितीदा तो पहिल्यापेक्षा मोठा असतो.

निळीशाई ताई, त्या अॅम्ब्युलन्सचा सायरन तुम्ही ऐकलात. आतून तो ऐकणं कसं असतं ते मला माहीत आहे.

---

श्रावणझड

खोपोलीकर, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार. किलोमीटरचा आकडा वाचायचं आज मुलांनाही शिकवलं.

---

स्टुटगार्टकर

अॅम्ब्युलन्स अडकण्यावरून लिहितो. मी बारा वर्षं जर्मनीत आहे. इथे महामार्गावर गाड्या मंदावायला लागल्या की, म्हणजे पूर्ण थांबायच्या आधीच, सगळ्यांनी मधे वाट करायची असते. जर्मनीत गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून सर्वांत डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकतात आणि बाकी सगळ्या लेनमधल्या उजवीकडे. मधे एका अॅम्ब्युलन्सची वाट तयार होते. शोल्डरवर अवलंबून राहत नाहीत, कारण तिथे बंद पडलेली गाडी असू शकते.

हे लोक जन्मतः शिस्तीचे आहेत म्हणून होतं असं समजू नका. पूर्वी इथेही वाट मिळत नसे, त्यावरून वर्तमानपत्रांत ओरड व्हायची. २०१७ मध्ये दंड वाढवला: किमान २०० युरो. आता त्यासोबत महिनाभर गाडी चालवायला बंदीही येते. शिवाय पुलांवर फलक लावले आणि लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न घातला. पहिल्यांदा माझ्यासमोर तो रस्ता उघडत गेला तेव्हा मी गाडीत एकटाच होतो, आणि डोळ्यांत पाणी आलं. मला माझे वडील आठवले. ते घाटातच गेले होते, अॅम्ब्युलन्समध्ये.

आपल्याकडे तीन लेन आहेत. सर्वांत उजवीकडच्या लेनने उजवीकडे सरकायचं, उरलेल्या दोघींनी डावीकडे. एवढंच.

---

राजमाची_पॉइंट

स्टुटगार्टकर, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

तरी माझी शंका मांडतो. आपल्याकडे दोन गाड्यांत फूटभर जागा दिसली की तिसरा घुसतो. अशी वाट केली तर तीत पहिल्यांदा घुसणारी एसयूव्ही असेल, अॅम्ब्युलन्स नव्हे. हे म्हणताना मला आनंद होत नाही.

---

खोपोलीकर

राजमाची, तुमचं खरं आहे, घुसतात. पण मी हेही पाहिलंय की एक माणूस रस्त्यावर उतरून हात करू लागला की ऐंशी टक्के गाड्या सरकतात. लोकांना कळत नाही कुठे सरकायचं. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, मग वाट बंद. नियम एकच असेल आणि सगळ्यांना ठाऊक असेल तर निम्मं काम होतं.

---

पीचट्री

अटलांटाहून. माझं काम प्रादेशिक वाहतूक नियोजनाशी जोडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत ५० हजारांहून जास्त लोकवस्तीच्या प्रत्येक नागरी भागाला एक प्रादेशिक नियोजन संस्था असावी लागते. शहरं, परगणे, राज्याचं रस्ते खातं, सगळे एका टेबलावर. वस्ती दोन लाखांच्या वर असेल तर त्या संस्थेला कोंडी-व्यवस्थापनाची ठरलेली पद्धत पाळावीच लागते: कोंडी कुठे, किती, कशामुळे हे मोजा, उपाय लिहा, करा, मग परत मोजा. रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आणण्याआधी कमी खर्चाचे उपाय तपासलेत का, हेही त्यात येतं. अपघात लवकर हटवणं हा त्या उपायांमध्ये मानाचा उपाय आहे. सिमेंट ओतण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो.

जॉर्जियात दोन गोष्टी मी जवळून पाहिल्या. पहिली, गस्तीच्या गाड्या. त्या सतत फिरत असतात. पंक्चर झालंय, पेट्रोल संपलंय, गाडी बंद पडलीय, आधी बाजूला ढकलतात, मग बाकीचं. वाहनचालकाकडून पैसे घेत नाहीत. दुसरी, मोठे ट्रक उलटले की उचलणाऱ्या कंपन्यांशी केलेला करार. काम सुरू करायला सांगितल्यापासून ९० मिनिटांत सगळ्या लेन मोकळ्या केल्या तर कंपनीला बक्षिसाची रक्कम मिळते. आधी उलटं होतं. तासावर पैसे मिळत, मग घाई कशाला करतील? करार बदलला आणि त्याच कंपन्या जास्त वजन उचलणारी यंत्रं घेऊन तयार राहू लागल्या.

आणखी एक: कुणी जखमी नसेल आणि गाडी चालत असेल तर ती रस्त्यातून बाजूला घ्यायचीच, असा इथे कायदा आहे. निळीशाईंच्या त्या दोन कार इथे मधल्या लेनमध्ये थांबल्या असत्या तर त्याच नियमभंग ठरल्या असत्या.

---

आराखडा

मीही याच क्षेत्रात, पण इथे पुण्यात. पीचट्री यांनी 'एका टेबलावर' म्हटलं, त्यावरच आपलं घोडं अडतं.

एक्सप्रेस वे रस्ते विकास महामंडळाचा. टोल आणि देखभाल ठेकेदाराकडे. नियमन महामार्ग पोलिसांकडे, घाटाच्या दोन बाजूंना त्यांची वेगवेगळी केंद्रं. अॅम्ब्युलन्स १०८ ची, तिचं नियंत्रण वेगळं. एक टोक रायगड जिल्ह्यात, दुसरं पुणे जिल्ह्यात. एका बाजूला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, दुसऱ्या बाजूला २०१५ साली झालेलं पुण्याचं प्राधिकरण. प्रत्येकाचा आराखडा आपापल्या हद्दीपुरता. घाट कोणाच्या आराखड्याच्या मध्यभागी नाही, तो सगळ्यांच्या काठावर आहे.

याचा अर्थ काही होत नाही असा नाही. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ माणसं गेली. त्या वर्षी मृत्यू शून्यावर आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला: सेव्हलाइफ फाउंडेशन, महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा. प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा केली. पुलाचे खांब, उघडे कठडे, कडेची झाडं, उभी वाहनं, एकेक कारण घेऊन सुधारणा केल्या. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. सगळे एका टेबलावर बसले की काय होतं याचा हा आपला स्वतःचा, याच रस्त्यावरचा दाखला आहे. जर्मनीला जायची गरज नाही. तेव्हा मोजले ते मृत्यू. आता त्याच टेबलावर मिनिटं ठेवायला हवीत.

कोंडीच्या दिवशी प्रत्यक्ष काय करता येतं, तेही सांगतो. घाटात अडथळा आला की घाटात धडपडण्यापेक्षा लांबवर वाहतूक धरायची. मुंबईकडे जाणाऱ्यांना उर्से टोलवर, पुण्याकडे येणाऱ्यांना खालापूरच्या अलीकडे. तिथे पाणी आहे, शौचालय आहे, खायला आहे, सपाटी आहे. घाटात तीन तास अडकण्यापेक्षा तिथे दीड तास थांबलेलं बरं. महामार्ग पोलीस गर्दीत दहा-पंधरा मिनिटांचे ब्लॉक घेतात, कधी समोरची लेन उलट्या दिशेला खुली करतात. पद्धत बरोबर आहे. पण अडचण अशी की लोकांना कळवत नाहीत. फलकावर "पुढे घाटात अडथळा, अंदाजे ९० मिनिटं, इथे थांबा" असं स्पष्ट लिहिलं तर निम्मे लोक आपणहून थांबतील. निळीशाई, तुम्ही उर्सेला थांबला असतात ना?

---

निळीशाई

हो. शंभर टक्के थांबलो असतो. सासूबाईंसाठी तर नक्कीच. आणि रुग्णालयात फोन करून वेळ पुढे ढकलून घेतली असती. आम्हाला कळलंच नाही.

---

वडगावचा

घाट सोडून एक. आमच्या पुण्यातल्या नवले पुलाचंही तेच आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सलग उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकल्या. त्यानंतर गतिरोधक पट्ट्या, फलक, कॅमेरे, बरंच झालं. तरी बोगद्याकडून जड वाहन सुसाट येताना दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो. लेन मोकळी करण्याआधी ती अडूच नये यासाठी जड वाहनाचा वेग वरच, बोगद्याच्या तोंडाशीच बांधायला हवा.

---

गणिती

मूळ प्रश्नाकडे येऊ. आकडा हवा आहे, तर मागू या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपये शुल्क. तीस दिवसांत उत्तर. मी मसुदा टाकतो, दुरुस्त करा:

"मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाट विभागात मागील १२ महिन्यांत झालेल्या व किमान एक लेन अडवणाऱ्या प्रत्येक घटनेबाबत पुढील नोंदींच्या प्रती मिळाव्यात: १. घटनेची माहिती मिळाल्याची वेळ. २. पहिले पथक पोहोचल्याची वेळ. ३. सर्व लेन मोकळ्या झाल्याची वेळ. ४. वाहतूक सुरळीत झाल्याची वेळ. ५. घटनेचा किलोमीटर, दिशा व वाहनाचा प्रकार. अशा नोंदी ठेवल्या जात नसल्यास तसे लेखी कळवावे."

---

आराखडा

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते काढू नका. एकच दुरुस्ती. 'घाट विभागात' ऐवजी किलोमीटर 'पासून-पर्यंत' लिहा, नाही तर 'घाट विभाग' म्हणजे कुठला असं विचारून अर्ज परत येईल.

---

सातारी_ट्रेलर

पाचव्या मुद्द्यात 'कोणती क्रेन अथवा पुलर वापरला व तो कोठून आला' हेही घाला. पुलर कुठून येतो हे कळलं की तो कुठे उभा असायला हवा तेही कळेल.

---

निळीशाई

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. शब्द मोजले, दीडशेच्या आत बसतंय. अर्ज माझ्या नावाने करते. सोमवारी पोस्टात जाईन, उत्तर आलं की इथेच टाकेन. सासूबाईंना मसुदा वाचून दाखवला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या या विषयावर बोलल्या. म्हणाल्या, "बायकांसाठी थांबायची जागा कुठे कुठे आहे, तेही विचार." एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणून तो दुसरा अर्ज करणार आहे. तो त्यांच्या नावाने.

---

खोपोलीकर

ताई, उत्तर यायला महिना लागेल. तोवर आमच्याकडे एक वही आहे. आम्ही ज्या ठिकाणी गेलो तिथली फोनची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ आमच्यातला एक जण लिहून ठेवतो. सुरुवात कशासाठी केली आता आठवतही नाही, पण तीन पावसाळे भरलेत. जखमींची नावं त्यात नाहीत, फक्त किलोमीटर आणि वेळा. काही पानं पावसाने फुगलीत, पण वाचता येतात. रविवारी बसून फोटो काढतो आणि गणितींना पाठवतो.